४५ एचपीला किती फाळ? ट्रॅक्टरला जुळणारा पलटी नांगर निवडताना

‘४५ एचपी आहे ना, मग दोन फाळी आरामात ओढेल’, असं दुकानात ऐकायला मिळतं. मे महिन्यात काळ्या रानात तोच ट्रॅक्टर मागची चाकं जागच्या जागी फिरवत उभा राहतो, तेव्हा दोष कधी नांगराला दिला जातो, कधी ट्रॅक्टरला. खरं म्हणजे दोघंही आपापल्या जागी ठीक असतात, जोडी चुकलेली असते. बॉनेटवरचा आकडा इंजिनाचा आहे. नांगर ओढतात ती चाकं, तो उचलतं ते हायड्रोलिक, आणि किती ओढावं लागेल ते ठरवते जमीन. म्हणून हिशोबाची सुरुवात जमिनीपासून करायची, एचपी सर्वांत शेवटी.

या लेखात ‘एक फाळ’ म्हणजे एक पूर्ण संच: माती कापणारं पातं, माती पलटणारा वाकडा पत्रा (मोल्डबोर्ड), तासाच्या (नांगराने उघडलेल्या चराच्या) भिंतीला घासत चालणारी पट्टी (लँडसाइड) आणि हे सगळं धरून ठेवणारा पाय. पलटी नांगरात असे संच वर-खाली दुहेरी असतात, म्हणजे ‘दोन फाळी पलटी’मध्ये प्रत्यक्षात चार संच असतात आणि त्यांपैकी एका वेळी दोनच चालतात, वळल्यावर नांगर पलटवून दुसरे दोन खाली आणायचे.

आधी खड्डा, मग नांगर

रानात तीन-चार ठिकाणी दोन फूट खोल खड्डे घ्या आणि कडेची माती वरून खाली नीट बघा. तीन गोष्टी शोधायच्या: कसदार थर किती खोल आहे, खाली मुरूम किंवा चुनखडी कुठे लागते, आणि मध्ये कुठे दगडासारखा घट्ट थर आहे का. वाफशावर (माती ना चिकट, ना कोरडी, अशा ओलीवर) टोकदार सळई हाताने दाबत नेली तरी घट्ट थराचा अंदाज येतो. सळई सात-आठ इंचांवर अडली आणि तो थर फोडल्यावर पुन्हा सहज गेली, तर तो वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगरट केल्याने आणि तासात चाक चालल्याने झालेला थर आहे.

या खड्ड्यावरून नांगराची खोली ठरते. हलक्या, मुरमाड जमिनीत कसदार माती ८ इंचच असेल, तर १२ इंच जाणारा नांगर घेणं म्हणजे पैसे देऊन मुरूम वर आणणं. कृष्णाकाठच्या चोपण (क्षारांमुळे निचरा न होणाऱ्या) जमिनीतही खालची माती वर आणायची नाही. तिथे निचऱ्यासाठी सबसॉयलर चालवायचा, जो माती न पलटता खालचा थर फोडतो. खोल काळ्या जमिनीत, विशेषतः ऊस, हळद किंवा केळी घ्यायची असेल, तर १० ते १२ इंचांची नांगरट समजू शकते. हरळी आणि कुंदा ही तणं असलेल्या रानातही उन्हाळी खोल नांगरट उपयोगी पडते, कारण मुळं आणि गाठी वर येऊन उन्हात वाळतात. मात्र सोयाबीन-हरभऱ्यासाठी दरवर्षी एक फूट नांगरण्यात डिझेल जळण्यापलीकडे फारसं काही होत नाही.

ओढीचा हिशोब

नांगराला किती ओढ लागते, हे कागदावर मांडता येतं. कापल्या जाणाऱ्या मातीची रुंदी आणि खोली सेंटिमीटरमध्ये घ्या, दोन्हींचा गुणाकार करा आणि त्याला जमिनीच्या प्रतिकाराने गुणा. रेताड जमिनीत हा प्रतिकार दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.२ ते ०.३५ किलो, मध्यम जमिनीत ०.३५ ते ०.५, भारी जमिनीत वाफशावर ०.६ ते ०.७, आणि भारी काळी जमीन सुकून कडक झाली की ०.९ ते १ किलोपर्यंत जातो.

आता १२ इंची दोन फाळी घेऊ. एकूण रुंदी ६० सेंमी, खोली २५ सेंमी (१० इंच), जमीन काळी पण ओलावा टिकून असलेली:

६० × २५ × ०.७ = १०५० किलो ओढ.

वेग ताशी ४.५ किमी, म्हणजे सेकंदाला १.२५ मीटर. एक एचपी म्हणजे ७५ किलोची ओढ सेकंदाला एक मीटर, म्हणून १०५० × १.२५ ÷ ७५ = १७.५ एचपी. ही चाकाने प्रत्यक्ष ओढून दाखवायची ताकद आहे. गिअर, अंतिम ड्राइव्ह, चाकांची घसरण आणि मातीतलं रुतणं यात बरीच ताकद जाते, त्यामुळे शेतात टूव्हील ड्राइव्हच्या ओढीसाठी इंजिनाच्या एचपीपैकी निम्मीच धरावी. म्हणजे इंजिन ३५ एचपीचं लागलं. चढ, घट्ट पट्टे आणि वळणानंतरची सुरुवात यांसाठी २० टक्के राखीव ठेवले की ४२. इथे ४५ एचपी बरोबर बसतो.

हाच नांगर मे अखेरीस, भेगा पडलेल्या रानात, १२ इंच खोल घालू:

६० × ३० × ०.९ = १६२० किलो. वेग तोच ठेवला तर चाकावर २७ एचपी, इंजिनाला ५४, आणि राखीव धरून ६५.

नांगर तोच, ट्रॅक्टर तोच, फक्त महिना आणि दोन इंच बदलले. म्हणून रब्बीचं पीक निघाल्याबरोबर, जमिनीत थोडी ओल असताना नांगरून टाकणाऱ्याला लहान ट्रॅक्टर पुरतो. उशीर होणारच असेल तर खोली ८ इंचांवर आणा: ६० × २० × ०.९ = १०८० किलो. पुन्हा आवाक्यात आलं.

ताकद असून चाक का फिरतं

एचपी पुरेशी असूनही ट्रॅक्टर ओढत नाही, याचं कारण बहुतेक वेळा वजन. कठीण जमिनीवर टूव्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आपल्या एकूण वजनाच्या साधारण निम्मी ओढ टिकवून देतो. २००० किलोचा ट्रॅक्टर १००० किलोच्या आसपास आणि नांगराचा भार मागच्या चाकांवर आला की थोडी जास्त. वरच्या उदाहरणातली १०५० किलो ओढ या काठावरच आहे. १६२० किलो त्याच्याकडून होणारच नाही, भले इंजिन ५५ एचपीचं बसवा. फोरव्हील ड्राइव्हमध्ये पुढची चाकंही ओढतात, त्यामुळे त्याच वजनात ओढ वाढते. भारी जमिनीत सतत नांगरट करणाऱ्याने पाच एचपी जास्त घेण्याऐवजी फोरव्हील घेतलेला बरा, असं आमचं मत आहे.

टूव्हीलला वजन वाढवायचं तर मागच्या टायरमध्ये पाणी भरा. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला, घड्याळाच्या बाराच्या जागी आणून, पाणी व्हॉल्व्हमधून बाहेर यायला लागेपर्यंत भरलं की टायर तीन-चतुर्थांश भरतो. १३.६ × २८ च्या टायरमध्ये असं दोनशे लिटरच्या आसपास, म्हणजे तेवढेच किलो, बसतात. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही, त्यामुळे साधं पाणी चालतं. नांगरट संपली आणि ट्रॅक्टर वाहतुकीला लावला की काढून टाकावं.

घसरण किती आहे, ते मोजायला चुना आणि टेप पुरतात. मागच्या टायरला चुन्याची खूण करा. नांगर उचलून त्याच रानात चाकाचे दहा फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवा आणि अंतर मोजा. नंतर नांगर पूर्ण खोलीवर लावून त्याच गिअरमध्ये पुन्हा दहा फेरे. रिकामं अंतर ४० मीटर आणि नांगरासह ३४.५ आलं, तर घसरण १४ टक्के. ८ ते १५ टक्के ठीक. अगदी शून्याच्या जवळ असेल तर ट्रॅक्टरवर गरजेपेक्षा जास्त वजन आहे आणि माती उगाच दाबली जाते आहे. २० च्या वर गेली की टायर आणि डिझेल दोन्ही जळतात. मग खोली कमी करा, वजन वाढवा, नाहीतर फाळ कमी करा.

उचल आणि पुढचा तोल

दोन फाळी हायड्रोलिक पलटी नांगर सहसा ३५० ते ४५० किलोच्या घरात असतो. कॅटलॉगमध्ये ‘उचल क्षमता १५०० किलो’ वाचून निर्धास्त होऊ नका. ती क्षमता ट्रॅक्टरच्या मागे नांगर जोडायच्या खालच्या दोन हातांच्या टोकाशी मोजलेली असते. नांगराचं वजन त्या टोकापासून आणखी मागे असतं, आणि जितकं मागे तितकी उचल घटते. तरीही दोन फाळीत उचल सहसा पुरते. अडतो तो पुढचा तोल.

हिशोब करून बघा. नांगर ४२० किलोचा, त्याचा गुरुत्वमध्य मागच्या आसापासून १.६ मीटर मागे, ट्रॅक्टरच्या पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर २ मीटर. नांगर उचलल्यावर पुढच्या चाकांवरून कमी होणारं वजन ४२० × १.६ ÷ २ = ३३६ किलो. २००० किलोच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आसावर ८०० किलो असतील, तर उरले ४६४. सुरक्षित स्टिअरिंगसाठी ट्रॅक्टर आणि नांगर मिळून होणाऱ्या वजनाच्या निदान २० टक्के पुढे राहायला हवेत, म्हणजे इथे ४८४. थोडं कमी पडतं, पुढे दोन-तीन वजनं लावली की झालं. पण याच ट्रॅक्टरला ५५० किलोची तीन फाळी लावली आणि तिचा मध्य १.८ मीटर मागे गेला, तर पुढे ३०५ किलोच उरतात. असा ट्रॅक्टर बांध चढताना पुढून उठतो, रस्त्यावर स्टिअरिंगला दाद देत नाही. तीन फाळी घ्यायची असेल तर ६५ एचपीच्या आसपासचा, जड, शक्यतो फोरव्हील ट्रॅक्टर हवा.

२५ एचपीच्या आतल्या लहान ट्रॅक्टरांची उचल बऱ्याचदा ७५० किलोच असते. त्यांच्यासाठी मिनी पलटी नांगर वेगळा मिळतो. मोठ्याचा एक फाळ काढून चालवायचा जुगाड करू नये, कारण फ्रेमचं वजन तसंच राहतं.

टायरची रुंदी विसरू नका

ही गोष्ट खरेदीत क्वचितच कुणी तपासतं. नांगरताना एका बाजूची चाकं आधीच्या तासात चालतात. तास जितकं रुंद, तितकीच चाकाला जागा. १३.६ चा टायर म्हणजे जवळपास ३४.५ सेंमी, १४.९ चा ३८, आणि १६.९ चा ४३ सेंमी. १२ इंची फाळ ३० सेंमीचं तास उघडतो. त्यात १६.९ चा टायर घातला की तो नुकतीच पलटलेली माती कडेने दाबत जातो आणि नांगरटीत दाबलेला पट्टा राहतो. अशा रुंद टायरच्या ट्रॅक्टरला त्या मानाने रुंद फाळ हवा, आणि ओढीचा हिशोब त्या रुंदीने पुन्हा करायला हवा.

रुंदीचा खोलीशीही संबंध आहे. माती नीट उलटायची असेल तर खोली रुंदीच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश इतकीच ठेवावी, म्हणजे १२ इंची फाळाला ८ ते ९ इंच (वरच्या हिशोबातली १० आणि १२ इंच खोली फक्त ओढीतला फरक दाखवायला घेतली आहे). त्याहून खोल घातलं तर पट्टा उलटण्याऐवजी उभा राहतो आणि ढेकळं तशीच तासात पडतात. १२ इंचांची खोली रोज हवी असेल तर फाळ १६ इंची घ्या, मग तो एकच का असेना.

प्रकार

साध्या, एका बाजूला माती टाकणाऱ्या नांगराने रान पट्ट्यापट्ट्याने नांगरावं लागतं आणि मध्ये उंच वरंबा किंवा उघडी नाळ राहते. पलटी नांगर बांधापासून सुरू करून जाताना-येताना माती एकाच बाजूला टाकतो. आपल्याकडच्या लहान, वाकड्या तुकड्यांत हा फरक मोठा आहे, आणि उतारावर माती चढाकडे टाकता येते. म्हणून वजन आणि किंमत जास्त असूनही पलटीच घ्यावी. साधा नांगर मोठ्या सपाट रानात आणि लहान ट्रॅक्टरलाच शोभतो.

हायड्रोलिक पलटी की मेकॅनिकल, हे ट्रॅक्टरच्या मागची ऑइल लाइन ठरवते. नांगराच्या सिलिंडरला दोन नळ्या असतील तर डबल अ‍ॅक्टिंग व्हॉल्व्ह (दांडा दोन्ही दिशांना ढकलणारा) लागतो. ट्रॅक्टरवर तो नसेल तर बसवून घेण्याचा खर्च नांगराच्या किमतीत धरा. काही ट्रॅक्टरांत सिंगल लाइनच असते, तिथे मेकॅनिकल पलटी कमी त्रासाची.

चिकट काळ्या जमिनीत अखंड पत्र्याचा मोल्डबोर्ड मातीने लपेटतो. पट्ट्यापट्ट्यांचा, फटी असलेला मोल्डबोर्ड घेतला की माती लवकर सुटते. दगडगोट्यांच्या किंवा मुळांच्या रानात तवा नांगर बरा, कारण अडथळ्यावरून तवा फिरून जातो. तो घुसतो मात्र वजनावर, हलका तवा नांगर कोरड्या रानात नुसता ओरखडे काढतो.

दुकानात टेप घेऊन जा

खालच्या हातांच्या पिना आणि टॉप लिंकची (वरच्या, लांबी बदलता येणाऱ्या दांड्याची) पिन मोजा. कॅटेगरी १ मध्ये खालच्या पिना २२ मिमी आणि वरची १९ मिमी, कॅटेगरी २ मध्ये खालच्या २८ आणि वरची २५ मिमी. लहान पिन मोठ्या भोकात घालून चालवली तर भोक लंबगोल होतं आणि नांगर कायम डुलत राहतो. बुश मिळतात, ते घालूनच जोडा.

दोन फाळांमधलं अंतर आणि फ्रेमची जमिनीपासूनची उंची बघा. उसाची पाचट किंवा कापसाच्या पऱ्हाट्या असणाऱ्या रानात अंतर कमी असेल तर गुंता होऊन नांगर गवताची पेंढी ओढत नेतो. पात्याचं टोक सरकवता किंवा उलटवता येणाऱ्या सळईचं असेल तर चांगलं, झिजलं की पुढे घेता येतं. टोकं, पाती आणि बोल्ट जवळच्या बाजारात मिळतात का, हे विचारूनच पैसे द्या. नांगराचं वजन काट्यावर करून घ्यायला लाजू नका, कारण वरचा सगळा हिशोब त्या आकड्यावर उभा आहे.

अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती आल्यावरच खरेदी करा. आधीचं बिल चालत नाही.

जोडणी आणि पहिलं तास

१. मागच्या दोन्ही टायरची हवा सारखी करा. नांगरटीला १२ ते १४ पीएसआय पुरते. ट्रॅक्टरच्या मध्यापासून दोन्ही मागच्या टायरच्या आतल्या कडेचं अंतर सारखं हवं. पलटी नांगरात हे चुकलं तर जाताना एक तास रुंद आणि येताना अरुंद पडतं.

२. सपाट जागी आधी डावा हात जोडा, मग लेव्हलिंगचा उजवा, शेवटी टॉप लिंक. क्लिपा घाला. दोन्ही खालचे हात सारख्या उंचीवर ठेवा.

३. नांगर उचलून दोन्ही बाजूंना एकेकदा पलटवा. नळ्या कुठे अडकत नाहीत ना, टायरला फाळ लागत नाही ना, ते बघा. या वेळी मागे कुणी उभं राहू नये.

४. पहिलं तास निम्म्या खोलीवर काढा. अजून तासात चाक नाही, ट्रॅक्टर सपाट आहे, त्यामुळे पूर्ण खोलीचं सेटिंग इथे करून उपयोग नाही.

५. दुसऱ्या फेरीत चाक तासात उतरलं की पूर्ण खोली द्या, थांबा, खाली उतरून मागून बघा. ट्रॅक्टर कलला असला तरी फाळांचे पाय जमिनीला काटकोनात हवेत. नसतील तर नांगरावरच्या कल-स्क्रूने नीट करा. दोन्ही बाजूंचा स्क्रू वेगळा असतो, पलटवून दुसरी बाजूही तपासा.

६. आता बाजूने बघा. फ्रेम जमिनीला समांतर हवी. टॉप लिंक आखूड केली की टोक खाली जाऊन पुढचा फाळ खोल आणि मागचा उथळ होतो, लांब केली की उलट.

७. पुढच्या फाळाची रुंदी बाकीच्यांइतकी आहे का, ते मोजा. जास्त असेल तर नांगर बाजूला सरकवायची सोय वापरा.

८. हायड्रोलिकचा ड्राफ्ट लिव्हर वापरा. पोझिशनवर (नांगर एकाच उंचीवर धरणाऱ्या लिव्हरवर) ठेवून नांगरलं तर घट्ट पट्टा आल्यावर नांगर वर येत नाही, इंजिन दबतं. ड्राफ्टवर तो थोडा उचलतो आणि भार मागच्या चाकांवर टाकतो. चेक चेन (खालच्या हातांना बाजूला डुलू न देणाऱ्या साखळ्या) नांगरताना किंचित ढिल्या, रस्त्यावर घट्ट.

गिअर असा निवडा, की वेग ताशी ४ ते ५ किमी राहील. ६० सेंमी रुंदीवर वळणं धरून एकरी सुमारे दोन तास लागतात. पहिला तासभर काम झालं की सगळे बोल्ट पुन्हा आवळा, नवीन नांगरात ते हमखास बसतात.

काय बिघडतं आणि का

नांगर घुसत नसेल तर आधी पात्याची झीज बघा. नव्या संचात टोकापासून लँडसाइडच्या टाचेपर्यंत सरळ पट्टी धरली की मध्ये ३ ते ५ मिमी फट दिसते, ती नांगराला आत ओढते. फट संपली असेल तर टॉप लिंक कितीही आखूड केली तरी टोकच खुपसतं, मागचा फाळ तरंगतो.

स्टिअरिंग सतत एका बाजूला ओढत असेल, तर पुढच्या फाळाची रुंदी चुकली आहे किंवा लँडसाइड झिजली आहे. चालकाने स्टिअरिंग धरून ठेवून दिवस काढणं म्हणजे पुढचे टायर झिजवणं.

शिअर बोल्ट (जास्त भार आला की नांगर वाचवायला आधी तुटणारा बोल्ट) वारंवार तुटतो म्हणून जास्त मजबूत बोल्ट घालणारे सापडतात. मग बोल्ट वाचतो आणि पाय वाकतो किंवा फ्रेमची वेल्डिंग सुटते. कंपनीने दिलेल्या ग्रेडचाच बोल्ट घाला आणि रानातले दगड वेचा.

मोल्डबोर्डला माती चिकटते, तेव्हा नव्या नांगराचा रंग खरवडलेला नसतो, किंवा गेल्या हंगामाचा गंज असतो, किंवा वाफसा आलेला नसतो. मूठभर माती वळून तिचा चकचकीत गोळा होत असेल तर नांगर उभा करा, त्या ओलीत फिरवलेल्या काळ्या जमिनीची ढेकळं सुकल्यावर रोटावेटरलाही हार जात नाहीत. रंग किंवा गंज असेल तर घासून काढा आणि शक्य असेल तर नांगर थोडा वाळूमिश्रित रानात चालवा, पत्रा आपोआप चकाकतो. हंगाम संपला की माती धुऊन पात्यांना आणि मोल्डबोर्डला जुनं ऑइल किंवा ग्रीस फासा, सिलिंडरचा दांडा आत ओढून घ्या आणि नांगर लाकडी ओंडक्यांवर शेडमध्ये ठेवा.